मानाचं पहिलं नाव

"शिक्षणाच्या दारात सगळे समान असतात. तिथं मानपान चालत नाही," सेवकराम काटेखायेनं जाहीर केलं, प्लास्टिकची खुर्ची पुढं ओढली आणि कॉम्प्युटरसमोर बसलेल्या सुखरामच्या कानाशी वाकून म्हणाला,

"पहिलं नाव जावयाच्या कॉलेजचं टाक."

सुखरामची बोटं की-बोर्डवर थांबली. पवनीच्या बसस्टँडमागं त्याचं ऑनलाईन सेंटर होतं. वर्षभर सातबारा, जातीचे दाखले, पीकविमा. पावसाळ्यात इंजिनिअरिंगचे फॉर्म. गिऱ्हाईक सांगेल ते टाकायचं, एवढंच त्याचं धोरण होतं आणि त्यामुळं त्याचं आजवर कोणाशी भांडण झालं नव्हतं. तरी त्यानं बाजूच्या स्टुलावर बसलेल्या अंजूकडं पाहिलं. फॉर्म तिचा होता.

कॉलेजांचा क्रम अंजूला पाठ होता. पहिलं नागपूरचं सरकारी, कॉम्प्युटर. दुसरं नागपूरचंच, इलेक्ट्रॉनिक्स. तिसरं चंद्रपूरचं सरकारी. लोकोन्नती अभियांत्रिकी महाविद्यालय, जिथं तिचा भाऊजी इश्वर शिकवत होता, तिच्या यादीत कुठंच नव्हतं.

"बाबा, पहिलं नाव लागलं का बाकीचे बंद होतेत," ती म्हणाली.

"कोण म्हणते?"

"नियमात हाय. पहिल्या पसंतीचं भेटलं तं तेच घ्या लागते. पुढच्या राऊंडमध्ये घेत नाही."

सेवकराम हसला. यादी ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवावी, याचंच त्याला हसू आलं. त्याच्या कोंढा गावातल्या आणि आसपासच्या लग्नपत्रिका छापायला जाण्याआधी त्याच्या अंगणात येत. मामाचं नाव आत्याच्या वर की खाली, 'आपले विनम्र'मध्ये भाऊकी कुठं थांबवायची आणि 'कार्यवाहक' म्हणून कोणत्या रिकामटेकड्याला गप्प करायचं, हे तो चहा निवायच्या आत सांगे. ज्या पत्रिका त्याच्या हाताखालून गेल्या नाहीत, त्या लग्नांत भांडणं झाली. ज्या गेल्या, त्या लग्नांतही झाली. पण जेवणं उरकल्यावर.

पत्रिका वाटायचंही त्याचं एक शास्त्र होतं. पहिली गावदेवाला. मग रुसण्यात नाव कमावलेल्या पाहुण्याला. जो येणारच आहे, ज्याच्यावाचून मांडवाचा खांबही उभा राहणार नाही, त्याला शेवटी दिली तरी चालते. तो येतोच.

"पहिलं नाव मानाचं रायते, पोरी," तो म्हणाला. "कामाचं दुसरं. नागपूरवाले कुठं पळून चालले?"

"हे पत्रिका नोहे, बाबा."

"यादी म्हंजे यादी. अन् समज, जावयाकडून होकार आला. मंग तं चांगलंच. एका घरून होकार आला का बाकीचे जागे होतेत. कामिनीच्या वक्ताले पाह्यलं नाही का? तीन साल कोणी दारात उभं नाही राह्यलं. इश्वरबापूच्या घरून हो आलं, अन् मंग चार घरचे पाहुणे धावत आले."

"अन् मंग?"

"मंग काय, त्याइले आपल्याले 'नाही' म्हणता आलं. पोरीचा भाव वाढते."

कामिनी ही अंजूची थोरली बहीण. तिचं लग्न इश्वरशी झालं, त्याला चार वर्षं झाली होती आणि इश्वरचा मान हे तेव्हापासून काटेखाये कुटुंबाचं घरगुती दुखणं होतं. मागच्या दिवाळीनंतर कोंढ्याच्या मंडईच्या जत्रेला जावई आला, तेव्हा पहिलं ताट चुकून सेवकरामच्या चुलत्यापुढं गेलं. इश्वरनं फक्त पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि मोटरसायकलला किक मारली. त्यानंतर कामिनीला माहेरी यायला जून उजाडला. जूनमध्ये तिला सोडायला आलेला इश्वर अंगणात उभ्या उभ्या म्हणाला होता, अंजूसाठी आमचंही कॉलेज आहेच. हे वाक्य सेवकरामनं सत्यनारायणाच्या प्रसादासारखं ओंजळीत धरून घरात नेलं होतं.

"त्याइनं आपल्या तोंडानं म्हटलं," तो आता म्हणाला. "नाव नाही टाकलं, तं तुझ्या बहिणीले कोण पुसणार?"

अंजूनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मंग शेवटी टाका. सगळ्याईच्या खाली."

"जावयाले शेवटी?" सेवकरामचा आवाज एकदम खाली गेला, जसा कोणी देव्हाऱ्यात चप्पल घालून गेल्यावर जातो.

"शेवटी नको, बाप्पा," सुखरामलाही राहवलं नाही. "लय वाईट दिसन."

कोणाला दिसेल, हे त्यानं सांगितलं नाही. त्यानं लोकोन्नतीचं नाव वर ओढलं. नागपूर एक घर खाली सरकलं, चंद्रपूर त्याच्या खाली. सेवकरामच्या मोबाईलवर ओटीपी आला आणि त्यानं तो एकेक आकडा स्पष्ट उच्चारत, मंगलाष्टकातल्यासारखा, मोठ्यानं वाचून दाखवला.

संध्याकाळी त्यानं जावयाला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, कारण असल्या गोष्टी घरादारानं ऐकाव्यात असं त्याचं मत होतं. गोदावरीबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. अंजू दारात बसून चवळीच्या शेंगा मोडत होती.

"बापू, अंजूच्या फॉर्मात पहिलं नाव तुमचं टाकलं बरं का."

पलीकडून काही आलं नाही. रेंज गेली की काय म्हणून सेवकरामनं मोबाईल डोळ्यांसमोर धरून पाहिला. रेंज होती.

"बापू?"

"हो मामाजी. आयकून राहिलो." मग थोड्या वेळानं, "बरं केलं."

"उद्या सांजलोक बदलता येते म्हणे. पण आपल्याले काय बदलाचं हाय?"

"तुमची मर्जी, मामाजी."

"कामिनी मजेत?"

"मजेत."

अंजूच्या हातातली शेंग मोडायची राहिली होती. नियमांचं पान तिच्या मोबाईलवर उघडंच होतं. भाऊजी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात, त्यांच्याच कॉलेजात मुलं याच नियमांनी येतात. काही बिघडणार असतं तर ते बोलले असते. असं तिनं स्वतःला सांगितलं. पान मिटवून मोबाईल चटईवर उपडा ठेवला आणि राहिलेल्या शेंगा मोडल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फॉर्म बंद झाला.

निकाल आला तेव्हा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, ऐन भरात होता. सेवकराम बांधीत, गुडघाभर चिखलात, बायांना पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, जुड्या फेकून देत होता. खिशातला मोबाईल वाजला, तेव्हा त्यानं हात लुंगीला पुसले, चष्मा शोधला, सापडला नाही, म्हणून रोवणाऱ्यांतल्या शिकलेल्या पुष्पाबाईकडून मेसेज वाचून घेतला. पुष्पाबाईनं तो पाठ वाकवूनच वाचला. अंजू काटेखाये हिला पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली होती.

"होकार आला!" सेवकराम ओरडला.

तो तसाच, पोटऱ्यांवर चिखल घेऊन, गावात गेला. पेढे आणले. बांधीवरच्या बायांना दिले, पानठेल्यावर दिले, एस.टी.ची वाट पाहत उभ्या असलेल्या एका परक्या माणसालाही दिला. कोणी विचारलं, कुठं लागली पोरगी, तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

"सध्या जावयाकडून होकार हाय. बाकीचे येऊन राहिले."

घरी अंजू पायरीवर बसून मोबाईलवर बोट फिरवत होती. वर, खाली, पुन्हा वर. पुढच्या फेरीसाठी जिथं बटण असायला हवं होतं, तिथं एक ओळ होती. तिनं ती वाचली, पान बंद केलं, पुन्हा उघडलं. ओळ तीच होती.

"काय म्हणते?" गोदावरीबाईनं विचारलं.

"पहिल्या पसंतीचं भेटलं म्हणते. आता पुढच्या कोणत्याच राऊंडले मी नाही."

"अन् हे नाही घेतलं तं?"

"तरीबी नाही."

गोदावरीबाईनं सुपातले तांदूळ दोनदा पाखडले. तेवढ्यात सेवकराम पेढ्यांचा रिकामा पुडा घेऊन अंगणात आला. अंजूनं त्याला तेच वाक्य पुन्हा सांगितलं, त्याच आवाजात, जणू ती सुखरामच्या सेंटरवर बसून दुसऱ्याच कोणाचं काही वाचून दाखवते आहे.

"पण आपण तं नुसतं मानासाठी टाकलं होतं," तो म्हणाला.

"देवाले पहिली पत्रिका कायले देता तुमी?" गोदावरीबाई सूप खाली न ठेवता म्हणाली. "देव जेवाले येत नाही म्हणून. हे कॉलेज आलं जेवाले."

सेवकराम बाजेवर बसला. पायांवरचा चिखल वाळून भेगाळू लागला होता. तो नखानं ती माती खरवडत राहिला. त्यानं कोणावर आवाज चढवला नाही, आणि अंजूला त्याचीच भीती वाटली.

सकाळी तो धुतलेलं धोतर नेसून तयार होता. पिशवीत नारळ होता.

"चाल," तो अंजूला म्हणाला.

"कुठं?"

"कॉलेजले. जुळलेली सोयरीक मोडाचीबी रीत रायते. नारळ घेऊन जाचं, हात जोडाचे, म्हणाचं, आमचं जमत नाही. समोरचा मोकळं करते. आजलोक मले कोणी 'नाही' नाही म्हटलं."

"बाबा, हे मशीन करते सगळं."

"मशीनच्या मांगं माणूसच रायते."

"जावयाचा मान?" गोदावरीबाईनं आतून विचारलं.

सेवकराम उंबऱ्यावर थांबला. हा प्रश्न त्यानं रात्रभर बाजूला सारला असावा. "माझं मी पाहून घेईन," तो म्हणाला, आणि चपलांत पाय घालताना डावी-उजवी चुकली.

लोकोन्नती महाविद्यालय भंडाऱ्याच्या रस्त्याला, धानाच्या बांध्यांच्या मधोमध उभं होतं. फाटकावर मोठा बोर्ड होता आणि त्यावर पुस्तकं छातीशी धरून हसणारी चार मुलं होती. ती कोणत्या देशातली होती कोण जाणे. पण भंडारा जिल्ह्यातली नव्हती. आत पटांगणात कमरेइतकं गवत वाढलं होतं. त्यात एक म्हैस चरत होती आणि चौकीदार तिला हाकलण्याच्या विचारात बसला होता.

प्रवेशाच्या खिडकीत रिता मॅडम होत्या. त्यांनी अंजूचं नाव विचारलं, कॉम्प्युटरवर पाहिलं आणि चेहरा उजळला.

"या, या काका. अभिनंदन. बसा."

सेवकराम बसला नाही. त्यानं पिशवीतून नारळ काढला, खिडकीच्या काठावर ठेवला आणि हात जोडले.

"मॅडम, तुमच्या होकाराचा आमाले मान हाय. पण पोरीचं मन नागपूरले हाय. तुमी तिले मोकळी करा."

रिता मॅडमनी नारळाकडं पाहिलं. प्रवेशाच्या खिडकीवर बरंच काही येत असावं, पण नारळ पहिलाच असावा. त्यांनी तो सावकाश उचलून प्रिंटरच्या बाजूला, सरस्वतीच्या तसबिरीपुढं ठेवला. मग खुर्ची पुढं घेतली.

"काका, मी आजच्या आज सोडते. आमचं काही म्हणणं नाही. पण इथून सुटली का ती सगळ्याच यादीतून बाहेर जाते. मग नागपूर नाही, चंद्रपूर नाही, काहीच नाही. एक साल घरी बसून परत परीक्षा, नाही तर इथं."

"तुमी त्याइले फोन करून सांगा ना. आमी राजीखुशीनं सोडलं म्हणून."

"कोणाले?"

कोणाला, हे सेवकरामला माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या यादीच्या पलीकडं कोण बसलं आहे, त्याचं गाव कोणतं, त्याची सोयरीक कुठं, हे त्याला सांगता येत नव्हतं. त्यानं अंजूकडं वळून पाहिलं.

अंजू पुढं आली. "सही कुठं कराची, मॅडम?" तिनं विचारलं.

"अवो, थांब ना जरा," सेवकराम म्हणाला. पोरीला त्यानं 'अवो' म्हटलं, हे त्याच्याही लक्षात आलं नाही.

"घरी बसली, तं पुढच्या साली परीक्षेले बसू देसान, का लगन लावसान?" अंजूनं त्याच्याकडं न बघता विचारलं. उत्तराला जितका वेळ द्यायला हवा, तितका तिनं दिला. सेवकराम सरस्वतीच्या तसबिरीकडं पाहत राहिला. मग तिनं सही केली. सही सुरेख आली. दहावीपासून ती या सहीचा सराव करत होती, ती वेगळ्या कागदांसाठी.

रिता मॅडमनी फॉर्म ओढून घेतला. "रेफरन्स कोणाचा लिहू?"

"म्हंजे?"

"कोणत्या सरांनी आणलं ते. आमच्याकडं प्रत्येक सरांनी यंदा पोरं आणायची आहेत. नाही आणली का पुढच्या साली सरच नाही." त्या हसल्या. विनोद जुना असावा, कारण शेजारच्या टेबलावरचं कोणी हसलं नाही. "तुमचं कोणी ओळखीचं आहे का इथं?"

"इश्वर सर. आमचे जावई."

"अरे वा! मग इश्वर सरांच्या नावावर टाकते. त्यांचं एकबी नव्हतं अजून. बरं झालं, पहिलं झालं."

"पहिलं?" सेवकरामनं विचारलं.

"पहिलंच."

आणि सेवकरामची पाठ, त्याला न विचारता, जरा ताठ झाली. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो खुर्चीवर बसला.

निरोप गेला तसा इश्वर लगबगीनं खाली आला. तिशीचा, हडकुळा, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात लाल पेन. त्यानं वाकून सासऱ्याच्या पाया पडल्यासारखं केलं आणि दोघांना स्टाफरूममध्ये नेलं. तिथं एका टेबलाला तीन खुर्च्या होत्या. त्यातली चांगली त्यानं सेवकरामला दिली. मोडकी स्वतः घेतली. चहा सांगितला. हा तोच माणूस आहे का, जो मंडईला न जेवता गेला, असं अंजूला वाटून गेलं. इथं त्याच्यापुढं पहिलं ताट ठेवणारं कोणी नव्हतं.

"सही झाली?" त्यानं विचारलं.

"झाली," सेवकराम म्हणाला. "तुमच्या नावावर."

इश्वरनं मान हलवली. टेबलावरची उत्तरपत्रिका सरळ केली, जी आधीच सरळ होती. "अंजू, काही लागलं तं सांगजो. लॅब बरी हाय इथली. म्हंजे, होऊन राहिली."

"हो भाऊजी."

चहा आला. तिघांनी तो पितळी घंटा ऐकत प्यायला. बाहेर कोणता तरी तास संपला होता आणि जिन्यावरून पावलांचा जेवढा आवाज यायला हवा, तेवढा येत नव्हता. सेवकरामला काहीतरी बोलणं भाग होतं. जावयासमोर गप्प बसणं बरं दिसत नाही.

"घरी या एखाद्या दिवशी. कामिनीले घेऊन. रोवणा झाला का."

"येतो ना. उद्या तं जमत नाही. सुट्टी टाकली हाय, पण गोलूले सोडून द्याचं हाय."

गोलू म्हणजे इश्वरचा धाकटा भाऊ. अंजूबरोबरच बारावीला होता.

"गोलू? कुठं सोडाचं?"

"नागपूरले."

"लागला का तो?"

"लागला." इश्वरनं कपातली साय बोटानं बाजूला केली. "सरकारीच. कॉम्प्युटर."

सेवकरामनं विचारलं, आणि ते त्यानं रागानं नाही, तर सवयीनं विचारलं, एखाद्या पत्रिकेचा कच्चा खर्डा हातात घेऊन विचारावं तसं:

"त्याच्या यादीत इथलं नाव कितवं होतं, बापू?"

इश्वरनं कप खाली ठेवला. दाराकडं पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"इथलं टाकलंच नव्हतं, मामाजी."

सेवकरामनं मान डोलावली. एकदा, मग आणखी एकदा, बरोबर आहे असं म्हणावं तशी.

"किती पर्सेंटाईल होते त्याले, भाऊजी?" अंजूनं विचारलं.

इश्वरनं सांगितलं. ते अंजूपेक्षा तीननं कमी होते.